चौथा मजला, समुद्राकडची खोली

परमस्नेही दादा,

तुम्हाला माझा वाकून नमस्कार. (वाकून म्हणजे सध्या जितकं वाकता येतं तितकं. बाकीचं तुम्ही मनाने पुरं करून घ्या.) तुमचं पत्र पोचलं. हिच्या नियमाप्रमाणे ते एक दिवस खिडकीत उन्हाला ठेवलं आणि मग उघडलं, त्यामुळे उत्तराला उशीर झाला असं मी म्हणणार होतो, पण तो एक दिवस वजा केला तरी सतरा दिवस उरतात, तेव्हा सरळ माफीच मागतो. वहिनींचा खोकला साधाच निघाला हे वाचून जीव भांड्यात पडला. साधा खोकला ही आनंदाची बातमी म्हणून कळवायचे दिवस येतील असं आपल्याला कधी वाटलं होतं का? बोटाला लावायच्या त्या यंत्रात तुमचे अठ्ठ्याण्णव येतात हे तुम्ही दोनदा लिहिलं आहे. माझे सत्त्याण्णव येतात. खात्याच्या परीक्षेतही तुम्ही असेच एका गुणाने पुढे होतात, आणि तेव्हाही मला दोनदाच ऐकवलं होतं.

आता तुमच्या प्रश्नाकडे येतो. "दीड वर्ष येतो येतो म्हणताय, त्या समुद्राकाठच्या बुकिंगचं झालं काय?" असं तुम्ही एका ओळीत विचारलं आहे. एका ओळीत उत्तर द्यायचं तर पुढच्या महिन्याच्या बारा तारखेला आम्ही दोघं तुमच्या गावात येतो आहोत. पण एका ओळीत उत्तर द्यायची सवय आपल्या खात्याने मला लावली नाही, आणि मधल्या काळात जे झालं ते तुम्हाला नाही सांगायचं तर कुणाला सांगायचं?

आधी माझी एक लाजिरवाणी गोष्ट कबूल करतो. बावीस वर्षं आपण दोघांनी मिळून लोकांच्या लिफ्ट तपासल्या. लिफ्टच्या टपावर उभे राहून अंधारातून वर गेलो, खाली खड्ड्यात उतरलो, मशीनरूममध्ये नाही नाही ते पाहिलं. (त्या कापडाच्या गोदामातली मशीनरूम आठवते? पहारेकऱ्याने ब्रेकवर मोजे वाळत घातले होते, आणि ते काढायला लावले म्हणून तोच आपल्यावर रागावला.) एवढं सगळं पाहिल्यावर माझं असं झालं की स्वतः तपासलेल्या लिफ्टमध्ये मी मांडी घालून जेवेन, पण न तपासलेल्या लिफ्टसमोर उभा राहिलो की पाय उचलत नाही. (तुमचंही असंच असावं असा मला संशय आहे. विचारायचं धाडस कधी झालं नाही.) सुट्टीवर गेलं की हॉटेलवाले मशीनरूमची किल्ली देत नाहीत. मी मागून पाहिली आहे. त्यामुळे लग्नापासून आजवर आम्ही अकरा सहली केल्या आणि अकराही वेळा तळमजल्यावर उतरलो. काउंटरपाशी गेलं की ही आधी माझ्या तोंडाकडे बघते, आणि मग तिथल्या माणसाकडे वळून "तळमजल्याची द्या" म्हणते. ते असं म्हणते की ऐकणाऱ्याला वाटावं, तळमजल्याची हौस हिलाच आहे. या अकरा सहलींत तिने खोलीच्या खिडकीतून पाण्याची टाकी पाहिली, मोटारी उभ्या करायची जागा दोनदा पाहिली, स्वयंपाकघराचं धुराडं पाहिलं, आणि जिथे लोक लांबलांबून सूर्योदय बघायला येतात त्या डोंगरावर सलग चार दिवस एका घोड्याचं तोंड पाहिलं. घोडा स्वभावाने चांगला होता असं तिने परत आल्यावर सगळ्यांना सांगितलं.

मग ही सत्तरीची झाली. वाढदिवसाला काय हवं म्हणून मी आपलं विचारायचं म्हणून विचारलं, तर चष्मा पुसत म्हणाली की तुमच्या गावातल्या त्या हॉटेलात चौथ्या मजल्यावरची समुद्राकडची खोली हवी, आणि खिडकी अशी हवी की सकाळी उशीवरून डोकं न उचलता पाणी दिसलं पाहिजे. बोलली अगदी साधेपणाने, पण मला कळलं की हे तिने पुष्कळ वर्षं मनात घडी करून ठेवलेलं आहे. गुडघ्यांमुळे तिला जिने चढता येत नाहीत. म्हणजे लिफ्ट आली. मी हो म्हणालो. दोन महिने पुढची तारीख होती, दोन महिन्यांत काहीतरी कारण सापडेल अशी मला आशा होती, आणि दादा, ते कारण असं सापडलं की सगळ्या जगाची दारं बंद झाली. देवाशपथ सांगतो, मी एवढं मोठं कारण मागितलं नव्हतं.

हॉटेलची बुकिंग घेणारी मुलगी फोनवर रडवेली होऊन तारीख रद्द झाल्याचं सांगत होती. मी शेजारी कपाळाला हात लावून बसलो होतो. (आतून थोडा सुटल्यासारखा. हेही कबूल.) आणि ही त्या मुलीची समजूत घालत होती. तिच्या आईची चौकशी केली, युनिफॉर्मच्या कोटाच्या बाह्या लांब होतात म्हणते तर त्या आतून कशा आखूड करायच्या ते फोनवर सांगितलं, आणि शेवटी विचारलं की बरं, पुढची कुठली तारीख मोकळी आहे? हिने तीस वर्षं शिवण शिकवलं हे तुम्ही जाणताच. (तुमच्या निरोपसमारंभाचा कोट तिनेच शिवला होता. तो खांद्यात घट्ट झाला तो माप दिल्यावर तुम्ही सुटलात म्हणून, असं तिचं आजही म्हणणं आहे.) शिवणात पक्की शिलाई मारायच्या आधी पांढऱ्या दोऱ्याने लांब लांब कच्चे टाके घालतात. अंगावर घालून बघायचं, नाही बसलं तर टाके उसवायचे आणि पुन्हा घालायचे. तिच्या वर्गातल्या नव्या मुली उसवायची वेळ आली की डोळ्यांत पाणी आणायच्या, आणि ही त्यांच्या हातात कात्री देऊन म्हणायची की उसवलंय, फाटलेलं नाही. बुकिंगचंही तिने तेच केलं. कॅलेंडरवर तारीख पेन्सिलीने लिहायची, रद्द झाली की खोडायची, आणि खोडरबराचा भुगा फुंकून दुसरी लिहायची. हे करताना तिचा चेहरा जराही उतरत नसे. मी मात्र प्रत्येक वेळी दोन दिवस जेवणावर राग काढत होतो.

आमच्या मुलीचा रोज फोन यायचा. मुलगी बँकेत आहे, त्यामुळे तिला सगळ्याच गोष्टींत धोका दिसतो. (तो स्वभाव माझा, नाक हिचं.) आई, या वयात फिरायला जायची काय गरज आहे, हे ती रोज नव्या शब्दांत विचारायची. एकदा हिने शिवणयंत्र थांबवलं आणि म्हणाली, "अगं, तुझं एक वर्ष गेलं तर पुढचं येईल. माझ्याकडे किती उरलीत ते मला माहीत नाही, म्हणून मी तारीख लिहून ठेवते."  मी वर्तमानपत्र उलटं धरून बसलो होतो हे मला नंतर कळलं. दादा, आपल्या वयाच्या माणसांचं या दिवसांत काय होत होतं ते कुणी धड बोललंच नाही. घरात बसा म्हणत होते, आम्ही बसलो, आणि ते बरोबरच होतं. पण जवान माणसाचं वर्ष घरात बसून जाणं आणि आपलं जाणं यांत फरक आहे, आणि तो फरक तोंडातून काढायचीही लाज वाटायची. बाहेर माणसं जातायत, आणि म्हातारा-म्हातारीला समुद्र बघायचाय! मला तर हॉटेलला फोन लावताना खिडकी लावून घ्यावीशी वाटे. ही खिडकी उघडी ठेवून खणखणीत आवाजात बोलायची.

समोरच्या दारातले घड्याळजी तुम्हाला आठवत असतील. आपल्या खात्यातलं भिंतीवरचं घड्याळ दर सहा महिन्यांनी तेच दुरुस्त करायचे. त्यांना बायकोला घेऊन एका तळ्याकाठी जायचं होतं. दर महिन्याला म्हणायचे, हे सगळं निवळू दे, मग निवांत जाऊ. दुसरी लाट आली, आमचं दुसरं बुकिंग रद्द झालं, आणि त्याच आठवड्यात घड्याळजी गेले. साथीने नाही, साध्या हृदयविकाराने, डोळ्याला भिंग लावलेलं असताना, टेबलाशी बसल्या बसल्या. आम्ही दारातूनच हात जोडले. मला फार वाईट वाटलं, अजून वाटतं. आणि तिसऱ्या दिवशी ही फोन उचलून तिसरं बुकिंग करायला बसली. मी तिच्यावर ओरडलो. लग्नानंतर पहिल्यांदाच इतक्या मोठ्याने ओरडलो असेन. म्हटलं, समोरच्या घरात अजून माणसं बसलीत, लोक काय म्हणतील? तिने रिसीव्हरवर हात ठेवला आणि शांतपणे म्हणाली, "म्हणतील, बाईला घाई झालीय. खरंच झालीय." आठ दिवसांनी घड्याळजींची बायको जिन्यात लांब उभी राहून हिच्याकडे हॉटेलचा नंबर मागत होती. त्यांनी अजून काही बुक केलेलं नाही, पण त्या बुकिंगवाल्या मुलीशी त्या दर आठवड्याला बोलतात.

आता लसीची हकीगत. दोन्ही डोस झाल्याशिवाय हॉटेल घेणार नाही असं ठरलं, आणि आमचं लसीचं केंद्र एका शाळेच्या तिसऱ्या मजल्यावर. लिफ्ट होती, एका वेळी दोन माणसं, जमिनीवर उभं राहायच्या जागी पावलांची चित्रं चिकटवलेली. मी लिफ्टच्या दाराची फट पाहिली आणि जिन्याकडे वळलो. ही लिफ्टने वर गेली, लस घेतली, अर्धा तास बसली, बिस्किट खाल्लं, आणि शेजारच्या बाईच्या पदराच्या टोकाला निघालेला दोरा आवरून दिला. तोवर मी वर पोचलो. नर्सने माझी नाडी पाहिली, रक्तदाब पाहिला आणि हातातली सुई खाली ठेवली. मला एका बाकावर आडवं केलं, दोन डॉक्टर आले, घरचं कुणी आहे का म्हणून पुकारा झाला, आणि ही बिस्किट हातात घेऊन आली. मी नुसता जिना चढलोय हे सांगायलाही मला दम नव्हता. दीड तासाने लस मिळाली. दुसऱ्या डोसला मी शहाणा झालो होतो. घडीचं स्टूल घेऊन तासभर आधी निघालो आणि दर मजल्यावर बसत बसत गेलो. दुसऱ्या मजल्यावर लोकांना वाटलं की रांग तिथूनच सुरू होते, आणि माझ्यामागे अकरा माणसं उभी राहिली. त्यांना खरं सांगितल्यावर जे ऐकावं लागलं ते लिहीत नाही. डॉक्टरांनी मला आता एका मजल्याच्या वर जिना चढायची बंदी केली आहे, हे मात्र ध्यानात ठेवा.

यापुढचं सगळं पाप माझं. तिसऱ्या बुकिंगच्या फॉर्ममध्ये शेवटी एक चौकट होती: पाहुण्यांची काही विशेष सूचना असल्यास लिहावी. मी विचार केला, चौथ्या मजल्यावर जायचंच आहे तर दोन प्रश्न विचारायला काय हरकत आहे. चौकट फार लहान होती, म्हणून वेगळा कागद घेतला. दोर कधी बदलला, ब्रेकची तपासणी कुणी केली, खड्ड्यात पाणी साचतं का, दार अडवलं तर लिफ्ट थांबते का, असे दोनाचे तेवीस प्रश्न झाले. भाषा आपलीच, खात्याची. 'सात दिवसांत लेखी खुलासा करावा' हे वाक्य हाताने आपोआप लिहिलं, मी नाही. आणि खाली सही केल्यावर चौतीस वर्षांच्या सवयीने हात खणाकडे गेला, जुना शिक्का निघाला, आणि दणकन बसला. त्या शिक्क्यावर 'निवृत्त' हा शब्द नाही. पाकीट टपालात पडल्यावर मला समाधानाची झोप लागली, यावरून मी किती निर्मळ मनाने हे केलं ते तुम्हाला कळेल.

आठव्या दिवशी बुकिंगवाल्या मुलीचा हिला फोन आला. सरकारी तपासनिसाची कडक नोटीस आली आहे, मॅनेजरसाहेबांनी घाबरून लिफ्ट बंद केली आहे, वरचे मजले मोकळे केले आहेत, आणि तुमची खोली चौथ्या मजल्यावरून काढून तळमजल्यावर मागच्या बाजूला दिली आहे, तेव्हा माफ करा, बाई. हिने फोन ठेवला. मी तिथेच भाजी निवडत होतो. तिने मला विचारलंच नाही. दुसऱ्या कुणाच्या डोक्यात हे येणं शक्य नाही हे तिला माहीत होतं. ती माझ्यासमोर बसली, निम्मी भाजी स्वतःकडे ओढली आणि निवडता निवडता म्हणाली, "अहो, मला एकदा वरून बघायचंय हो." बस, एवढंच. चार शिव्या घातल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं. साथ दोनदा आडवी आली, तिने दोनदा तारीख खोडून नवी लिहिली. तिसऱ्यांदा मी आडवा आलो. त्या दिवशी मला माझी जितकी लाज वाटली तितकी कधीच वाटली नव्हती.

मी मॅनेजरला स्वतः फोन केला आणि सगळं सांगून टाकलं: मी निवृत्त होऊन नऊ वर्षं झाली, शिक्का जुना आहे, सवय वाईट आहे.  मग तो म्हणाला की लिफ्ट कंपनीचा माणूस येऊन गेला, आणि दोर खरंच बदलायला झाला होता. (दादा, तेवढ्यापुरती माझी छाती फुगली. माणूस आहे.) नवा दोर घातला, ब्रेक नीट केला, तुमच्याकडच्या खात्याच्या खऱ्या तपासनिसाने येऊन प्रमाणपत्र दिलं, आणि आमची चौथ्या मजल्यावरची खोली आम्हाला परत मिळाली. त्या भल्या माणसाने प्रमाणपत्राचा फोटोही पाठवला. मी तो भिंग लावून वाचला. सगळे रकाने भरलेले, एक खाडाखोड नाही, सही तिरकी आणि सुबक. खऱ्या तपासणीत कागद इतका स्वच्छ राहतो का, तुम्हीच सांगा. मी तसं बोललो नाही. पण हिने पाहिलं की मी ते तिसऱ्यांदा वाचतोय.

आता सगळी तयारी झाली आहे. मुलीनेही हार मानली आणि बॅग भरण्यासाठी स्वतः तीन पानांच्या सूचना पाठवल्या. ही म्हणते, तुम्ही मनाला लावून घेऊ नका, मी लिफ्टने वर जाईन, तुम्ही खाली बागेत खुर्ची टाकून बसा, मी खिडकीतून हात करीन. हसत हसत म्हणते. पण मी तिला ओळखतो. जिने दोन लाटांपुढे मान तुकवली नाही, मुलीपुढे नाही, लोकांच्या बोलण्यापुढे नाही, ती जगात एकाच गोष्टीपुढे नमते, आणि ती गोष्ट म्हणजे काउंटरपाशी दिसणारं माझं तोंड. अकरा वेळा नमली आहे. असं माणूस माझ्या वाट्याला का आलं याचा मी पुष्कळ विचार केला, उत्तर मिळालं नाही, म्हणून आता नुसता आभारी राहायचं ठरवलं आहे.

तर बारा तारखेला दुपारी आम्ही हॉटेलात पोचू, आणि तेराला सकाळी तुमच्याकडे येऊ. अंगणात लांब लांब खुर्च्या टाकून बसू, मिठी वगैरे पुढे कधीतरी. वहिनींना नमस्कार सांगा, प्रकृतीला जपा, आणि यंत्रात नव्याण्णव आले तरी कृपा करून कळवू नका.

तुमचा धाकटा जोडीदार,
खड्ड्यात उतरताना बॅटरी धरणारा

ता. क. हिने तुमच्यासाठी चार आणि वहिनींसाठी सहा मास्क शिवले आहेत. तुमचं नाक तिने जुन्या फोटोवरून मापलं आहे. मोठं झालं तर आतून आखूड करता येईल, मास्क म्हणतोय मी.

ता. क. दुसरा. हा भाग वहिनींना वाचून दाखवू नका. वर एवढी लांबण लावली ती एका कामासाठी. मला तुमच्या हातची एक चिठ्ठी हवी आहे: 'लिफ्ट मी स्वतः पाहिली, ठीक आहे,' आणि खाली तुमची सही. उलट टपाली पाठवा. बावीस वर्षं तुम्ही ठीक आहे म्हणालात की मी डोळे मिटून टपावर चढलो, चार मजले काय मोठे? ती चिठ्ठी खिशात असली की मी हिच्याबरोबर लिफ्टमध्ये पाऊल टाकीन, दार बंद होईल, आणि खोलीत गेल्यावर आधी तिला खिडकीपाशी जाऊ देईन.

ता. क. तिसरा, आणि हाच महत्त्वाचा. बघायला मात्र जाऊ नका. हॉटेल तुमच्या घरापासून चालत दहा मिनिटांवर आहे हे मला माहीत आहे, आणि तुमचे पाय शिवशिवत असतील हेही. न पाहता सही करा असं मी तुमच्याकडे मागतोय. आपण दोघांनी उभ्या जन्मात हे केलं नाही, आणि याची मला लाज वाटायला हवी. वाटत नाही. मजकूर खोटा आहे हे मला माहीत असेल, पण सही खरी असेल, आणि मला तेवढं पुरे आहे. तुम्ही गेलात तर तुम्हाला काहीतरी सापडेल. जगात अशी लिफ्ट नाही की जिच्यात आपल्याला काही सापडणार नाही. सापडलं की तुम्ही लिहाल, तुम्ही लिहिलं की मी वाचेन, आणि बारा तारखेला काउंटरपाशी ही माझ्या तोंडाकडे बघेल. (मास्क असेल, पण तिला डोळ्यांवरून कळतं.) दादा, त्या दिवशी तिला तिथे काही दिसता कामा नये.